एक कुपी, शंभर दावेदार

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी इस्पितळातून रोज सायकलवरून बाटल्या नेल्या जात. बाटल्यांत एका पोलीस शिपायाची लघवी असे. ती सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत पोचली, की तिथली मंडळी तिच्यात उतरलेलं औषध रासायनिक प्रक्रियेनं वेगळं काढत, आणि तेच औषध त्याच शिपायाला पुन्हा टोचलं जाई. औषध होतं पेनिसिलिन. साऱ्या जगातला या औषधाचा साठा जवळजवळ सगळाच्या सगळा या एका माणसाच्या खाटेशी आला होता, आणि तरीही तो पुरत नव्हता.

शिपायाचं नाव अल्बर्ट अलेक्झांडर, वय ४३. चेहरा आणि डोकं गळवांनी भरलेलं, एक डोळा काढावा लागलेला, संसर्ग फुप्फुसापर्यंत पोचलेला. १२ फेब्रुवारीला पहिलं इंजेक्शन दिलं. दुसऱ्याच दिवसापासून ताप उतरू लागला, चेहऱ्याची सूज ओसरली, माणूस जेवू लागला. पाच दिवसांत औषध संपलं. काही दिवस त्यानं तग धरला, मग जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि १५ मार्चला तो गेला.

प्रयोगशाळेचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी यांनी यातून एक रोकडा निर्णय घेतला. यापुढे शक्यतो लहान मुलांनाच औषध द्यायचं, कारण मुलांचं वजन कमी आणि त्यामुळे डोसही कमी लागतो. औषध कुणाला द्यायचं हे औषध किती आहे यावरून ठरवण्याची ही पेनिसिलिनच्या इतिहासातली पहिली वेळ. पुढची चार वर्षं हाच प्रश्न दर आठवड्याला नव्या रूपात उभा राहणार होता.

टंचाई इतकी का होती, हे बुरशीला विचारायला हवं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात जी बुरशी पाहिली, ती औषध बनवते, पण अत्यंत कंजूषपणे. ती द्रवाच्या पृष्ठभागावरच वाढे. उथळ भांडी लागत, आणि एकेक भांडं कित्येक दिवस अडकून पडे. नॉर्मन हीटली या जुगाडू संशोधकानं आधी इस्पितळातली बेडपॅनं वापरली. मग स्टॅफर्डशरच्या कुंभारकामाच्या कारखान्यातून तशाच घाटाची चिनी मातीची भांडी घडवून घेतली. द्रव गाळायचा, थंड ठेवायचा, आम्लात आणि ईथरमध्ये फिरवायचा. एवढ्या उपद्व्यापानंतर हाती चिमूटभर पिवळसर भुकटी. तीही शरीरात टिकत नसे. मूत्रपिंडं ती काही तासांत बाहेर टाकत, म्हणून रात्रंदिवस दर तीन-चार तासांनी इंजेक्शन द्यावं लागे. भोक पडलेल्या घागरीत पाणी भरत राहावं, तशातली गत.

लढाईमुळे ब्रिटिश कारखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. म्हणून १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी सोबत घेऊन विमानानं अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतीखात्याची एक प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी तिथं पडून असे. अँड्र्यू मॉयर यांनी ते बुरशीला खाऊ घातलं आणि उतारा कित्येक पटींनी वाढला. बुरशी पृष्ठभागावर न वाढवता मोठ्या टाक्यांत, हवा फुंकत, द्रवाच्या पोटात वाढवायची कल्पनाही तिथंच आकाराला आली. पण कल्पना आणि टाकी यांच्यात दोन वर्षांचं अंतर होतं. त्या दोन वर्षांत माणसं आजारी पडायची थांबणार नव्हती.

मार्च १९४२ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या इस्पितळात ३३ वर्षांची एक स्त्री मृत्यूच्या दारात होती. गर्भपातानंतर तिच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस जंतू पसरले होते. जवळजवळ महिनाभर ताप हटत नव्हता, तो १०७ अंशांच्या घरात जाई. जंतूंवरच्या सल्फा औषधाच्या गोळ्या, रक्त, शस्त्रक्रिया, सारं करून झालं होतं. तिच्या डॉक्टरांकडे, जॉन बम्स्टेड यांच्याकडे, त्याच इस्पितळात आणखी एक रुग्ण होता. येल विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन फुल्टन. आणि फुल्टन हे फ्लोरींचे जिवलग मित्र. युद्धकाळात फ्लोरींची दोन्ही मुलं सुरक्षित राहावीत म्हणून फुल्टन यांच्याच घरी ठेवलेली. बम्स्टेड यांनी फुल्टनना गळ घातली. फुल्टन यांनी खाटेवरूनच फोन फिरवले, आणि न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीकडून साडेपाच ग्रॅम पेनिसिलिन आलं. चहाचा एक चमचाभर. अमेरिकेतल्या एकूण साठ्याचा तो निम्मा भाग होता.

पहिल्या इंजेक्शननंतर रात्रीतून ताप उतरला. ती बाई पुढं नव्वदीपर्यंत जगली. तिचीही लघवी साठवून परत पाठवली गेली, औषध गाळून काढायला.

या घटनेचा आनंद वाटतो, आणि लगेच एक खडा टोचतो. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या इतर इस्पितळांत तशाच तापानं किती बायका गेल्या असतील? त्यांचा डॉक्टर तितकाच हुशार असेल, आजारही तोच असेल; फक्त शेजारच्या खोलीत फ्लोरींचा मित्र नव्हता. औषध दुर्मिळ असतं तेव्हा ते आधी ओळखीच्या वाटेनं धावतं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. दुसरी वाटच बांधलेली नसते, एवढंच. १९४२ च्या जूनमध्ये साऱ्या अमेरिकेत मिळून जेमतेम दहा रुग्णांना पुरेल इतकं पेनिसिलिन होतं.

मग बोस्टनची आग लागली. २८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र. कोकोनट ग्रोव्ह नावाचा नाइटक्लब माणसांनी खचाखच भरलेला. सजावटीला लागलेली आग काही मिनिटांत सगळीकडे पसरली. मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते माणसांच्या रेट्यानं अडकलं. इतर काही दारं बंद. ४९२ माणसं गेली. जे जिवंत इस्पितळात पोचले त्यांच्या भाजलेल्या अंगावर स्टॅफिलोकॉकस जंतू बसणार हे उघड होतं, आणि सल्फा औषधं या जंतूपुढं फारशी चालत नसत.

मर्कच्या राहवे इथल्या कारखान्यात कामगार घाईनं कामाला लागले. शुद्ध भुकटी करायला वेळच नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला बुरशी वाढलेल्या द्रवाचे ३२ लिटर गाडीत चढवले गेले आणि पोलीस पहाऱ्यात ती गाडी न्यू जर्सीहून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पोचली. एका राज्याचे पोलीस सरहद्दीवर गाडी दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या स्वाधीन करत. संकटकाळी औषध कसं धावतं, याचं असं चित्र वर्तमानपत्रांना फार आवडतं. त्यांनी ते छापलं. तोवर लष्करी गुपितासारखं जपलेलं हे नाव आता घराघरांत गेलं.

आज त्या रुग्णांना दिलेले डोस पाहिले तर ते किरकोळ वाटतात. दर चार तासांनी ५,००० युनिट. पुढं डॉक्टर याच्या कित्येक पट देऊ लागले. त्या इस्पितळातल्या भाजलेल्या रुग्णांचा निभाव लागला त्यात जखमा हाताळण्याची नवी पद्धत, सलाइन आणि प्लाझ्मा यांचा वाटा मोठा होता. पेनिसिलिनचा किती, हे तिथल्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. गाडी वेळेवर पोचली हे खरं, पण तिनं नक्की किती जीव वाचवले याचा पुरावा ती गाडी देऊ शकत नव्हती. हा पुरावा गोळा करण्याचं काम बोस्टनमधल्याच एका माणसाच्या टेबलावर येऊन पडलं.

चेस्टर कीफर हे बोस्टन विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. नॅशनल रिसर्च कौन्सिलची एक समिती युद्धकाळातल्या नव्या औषधांच्या चाचण्या पाहत होती, तिचे ते अध्यक्ष झाले. कारखान्यांत तयार होणारं पेनिसिलिन आधी लष्कराला जायचं. त्यातून चाचण्यांसाठी जो थोडका वाटा बाजूला निघे, तो देशभरातल्या नागरिक रुग्णांमध्ये कसा वाटायचा हे कीफर यांनी ठरवायचं. १९४३ च्या जुलैत वॉर प्रॉडक्शन बोर्डानं सगळं उत्पादनच सरकारी ताब्यात घेतलं. त्यानंतर कीफर यांच्या होकाराखेरीज नागरिकाला कुपी मिळायला दुसरं दार उरलं नाही. वर्तमानपत्रं त्यांना पेनिसिलिनचा झार म्हणू लागली.

त्यांच्या पद्धतीत फार क्लिष्ट काही नव्हतं. मागणी करायची ती रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं. नातेवाइकांनी, आमदार-खासदारांनी किंवा पाद्र्यांनी नाही. डॉक्टरनं सांगायचं: जंतू कोणता, तो तपासून पाहिला का, सल्फा दिली का, ती चालली का, आज रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे. यावर तार किंवा फोननं होकार-नकार. होकार असेल तर कारखान्यातून कुपी थेट इस्पितळाकडे रवाना. पैसे लागत नसत, कारण खर्च सरकार उचले. आणि एक अट: रुग्ण बरा झाला किंवा दगावला, तरी सविस्तर अहवाल परत पाठवायचा. डोस किती, किती दिवस, ताप केव्हा उतरला, जंतू रक्तातून गेले का.

पहिल्या क्रमांकावर कोण? ज्यांच्या आजारात पेनिसिलिन चालतं हे ठाऊक आहे, इतर औषधं थकली आहेत, आणि औषध दिलं तर वाचण्याची खरी शक्यता आहे असे. रक्तात पसरलेला स्टॅफिलोकॉकस आणि सल्फाला दाद न देणारा स्ट्रेप्टोकॉकस यांत आले. क्षयरोग, कर्करोग, संधिवात, विषाणूंचे आजार आले नाहीत, कारण तिथं पेनिसिलिन पाण्यासारखं वाया जातं. ज्यांच्या घरी असा आजार होता त्यांना हे पटत नसे. वर्तमानपत्रानं ज्याला चमत्कार म्हटलं, तो आपल्याच माणसाला का नाकारतात, असा त्यांचा सवाल असे.

कीफर यांनी रुग्णाचं मोल करायला नकार दिला. तो शास्त्रज्ञ आहे की गवंडी, तिला मुलं किती, तो काय कमावतो, हे प्रश्न मागणीच्या कागदावर नव्हतेच. युद्धाच्या ऐन धामधुमीत, जेव्हा माणसाची किंमत कामावरून करण्याचा मोह सगळ्यांना होत होता, तेव्हा हे सोपं नव्हतं. त्यांनी जंतूला विचारलं, माणसाला नाही. त्यामुळे नकार मिळालेल्या माणसालाही निदान एवढं कळे, की आपल्याला खालच्या पायरीवर बसवलेलं नाही.

या पद्धतीची खरी परीक्षा १९४३ च्या ऑगस्टमध्ये झाली. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातली दोन वर्षांची एक मुलगी स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गानं मॅनहॅटनमधल्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. घरच्यांनी वर्तमानपत्राकडे धाव घेतली. न्यू यॉर्क जर्नल-अमेरिकनच्या संपादकीय खोलीतून फोनांचा सपाटा सुरू झाला. कीफर यांच्याशी गाठ पडली, डॉक्टरांनी माहिती दिली, होकार मिळाला. न्यू जर्सीतल्या स्क्विब कंपनीच्या कारखान्यातून औषध घेऊन गाडी पोलीस बंदोबस्तात मॅनहॅटनकडे सुटली. पोरीचा ताप उतरला, फोटो छापून आले. पॉल शोनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या बातमीसाठी १९४४ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

बातमीचा उलटा परिणाम मात्र कीफर यांना सोसावा लागला. अर्जांचा, तारांचा, रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांचा पूर आला. प्रत्येक गावात कुणाची तरी मुलगी आजारी होती आणि प्रत्येक गावात एक वर्तमानपत्र होतं. पण क्वीन्सच्या मुलीला औषध मिळालं ते वर्तमानपत्रामुळे, की तिचा आजार नियमात बसत होता म्हणून? आजार नियमात बसत होता. वर्तमानपत्रानं फक्त तिच्या डॉक्टरांना दार लवकर दाखवलं. वाचकांना मात्र दिसली ती संपादकांची धडपड आणि सायरन. व्यवस्था चोख असली तरी तिची गोष्ट कोण सांगतो यावर लोकांचा विश्वास ठरतो, हे कीफर यांना पुरतं कळून चुकलं असणार.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ५०० रुग्णांचा अहवाल छापला. कुठल्या जंतूवर काय परिणाम, किती डोस, कुठं अपयश. देशभर विखुरलेल्या इस्पितळांतून परत आलेल्या कागदांतून हे सगळं उभं राहिलं होतं. वाटप आणि संशोधन ही दोन वेगळी कामं नव्हती. ज्या कुपीचा अहवाल आला नसता, ती एका माणसाला उपयोगी पडली असती. ज्या कुपीचा अहवाल आला, ती पुढच्या हजारांना उपयोगी पडली. टंचाईच्या काळात एकेका डोसाकडून दोन कामं करून घेणं, हे या समितीचं सर्वांत मोठं कर्तृत्व.

लष्कराची गोष्ट थोडी वेगळी होती. १९४३ च्या वसंतात युटाह राज्यातल्या बुशनेल जनरल हॉस्पिटलात पॅसिफिकमधून परतलेल्या सैनिकांच्या महिनोन् महिने न भरणाऱ्या हाडांच्या जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहिलं गेलं. त्याच वर्षी फ्लोरी स्वतः उत्तर आफ्रिकेत रणांगणाजवळच्या इस्पितळांत गेले. पण लष्कराचं गणित फक्त जखमांचं नव्हतं. सल्फाला दाद न देणारा गोनोरिया झालेले सैनिक इस्पितळांत नुसते पडून होते, आणि पेनिसिलिननं ते दिवस-दोन दिवसांत बरे होऊन कामावर रुजू होत. जखमी वीराच्या आधी बाहेरख्याली सैनिकाला औषध द्यायचं का, या प्रश्नावर नैतिकतेच्या वर्गांत आजही वाद रंगतात. सेनापतीच्या दृष्टीनं प्रश्न सरळ होता: कोणत्या कुपीमुळे जास्त माणसं लवकर उभी राहतात? इस्पितळातला डॉक्टर समोरच्या रुग्णाचा विचार करतो, सेनापती तुकडीचा. दोघंही प्रामाणिक असू शकतात आणि दोघांच्या याद्या वेगळ्या निघू शकतात.

कीफर यांची यादीही निर्दोष नव्हती. हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग, एंडोकार्डायटिस, हा तेव्हा जवळजवळ नक्की मृत्यू मानला जाई. सुरुवातीच्या थोड्या रुग्णांना पेनिसिलिन देऊन फळ मिळालं नव्हतं, म्हणून समितीनं हा आजार यादीबाहेर ठेवला. औषध तुटपुंजं, आशा अंधुक. तर्कशास्त्र पक्कं होतं. पण त्या तर्कात एक मेख होती. औषध कमी म्हणून डोस कमी, डोस कमी म्हणून अपयश, आणि अपयश म्हणून औषध बंद. टंचाईनंच स्वतःसाठी पुरावा तयार केला होता.

ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलातले डॉक्टर लिओ लोव यांना ही मेख दिसली. त्यांनी ब्रुकलिनमधल्याच फायझर कंपनीचे जॉन एल. स्मिथ यांना गाठलं. स्मिथ यांनी आधी नियमावर बोट ठेवून नकार दिला. मग वॉर्डात येऊन रुग्ण पाहिले आणि औषध दिलं. लोव यांनी ते मोठ्या डोसात, शिरेतून सतत थेंबथेंब, रक्त न गोठू देणाऱ्या हेपॅरिनसोबत दिलं. सात रुग्ण सुधारले. १९४४ च्या जानेवारीत त्यांनी ते छापलं. समितीला भूमिका बदलावी लागली.

एरवी अशा गोष्टीचा शेवट 'नियम मोडणारा शूर' असा केला जातो. मला तो अर्धवट वाटतो. लोव यांचा प्रयोग मोलाचा ठरला कारण त्यांनी तो मोजून, नोंदवून, सर्वांसमोर मांडला. त्याच काळात कुणी वशिल्यानं, गुपचूप, अर्धवट डोस देऊन एखादा रुग्ण वाचवला असता तर कुणाला काही शिकायला मिळालं नसतं. आणि समितीही मोठी ठरली ती चूक न केल्यानं नव्हे. छापील पुरावा आल्यावर यादी बदलली म्हणून.

दरम्यान टाक्या उभ्या राहत होत्या. फायझरनं ब्रुकलिनच्या मार्सी ॲव्हेन्यूवरचा बर्फाचा जुना कारखाना विकत घेऊन त्यात प्रत्येकी साडेसात हजार गॅलनच्या १४ टाक्या बसवल्या. १ मार्च १९४४ ला तो सुरू झाला. बुरशीच्या सशक्त जाती शोधण्याचं काम पिओरियात चालूच होतं. तिथल्याच बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर सापडलेली जात भरपूर उतारा देणारी निघाली. अमेरिकेत १९४३ च्या वर्षभरात सुमारे २१ अब्ज युनिट पेनिसिलिन बनलं होतं. १९४४ मध्ये ते १,६६३ अब्जांवर गेलं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांसोबत औषध पुरेसं होतं.

साठा वाढल्यावर एकाच टेबलावरून साऱ्या देशाला होकार-नकार देणं शक्यही नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं. १९४४ च्या मे महिन्यापासून नवी रचना आली. मध्यवर्ती कार्यालय शिकागोत. देशभरातली सुमारे हजार मोठी इस्पितळं 'डेपो' ठरवली गेली. पुढं त्यांची संख्या २,७०० च्या वर गेली. डेपोला महिन्याचा कोटा, आणि आसपासच्या छोट्या इस्पितळांनी तिथून औषध घ्यायचं. आता निर्णय तिथल्या डॉक्टरांचा. आधीच्या काळात छापलेल्या अहवालांमुळे हे शक्य झालं, कारण कोणत्या आजारात किती द्यायचं हे आता कुठल्याही गावच्या डॉक्टरला वाचता येत होतं. वरच्या माणसाकडून अधिकार खाली गेला, तो ज्ञान आधी खाली पोचल्यामुळे. आधी अधिकार वाटले असते तर ते औषध पुन्हा ओळखीच्या वाटेनंच गेलं असतं.

१५ मार्च १९४५ ला अमेरिकेत निर्बंध उठले. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात पेनिसिलिन मिळू लागलं. १९४३ च्या मध्याला एका डोसाला २० डॉलर पडत, १९४६ पर्यंत ते एका डॉलरच्या आत आलं.

अमेरिकेबाहेर टंचाई संपायला वेळ लागला. युद्धानंतरच्या युरोपात पेनिसिलिनचा काळाबाजार भरला. व्हिएन्नामधला भेसळीचा धंदा १९४९ च्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटाचा विषय झाला. भारतात औषध आयात होई आणि किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर असे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांचं म्हणणं होतं, की देशानं अशी औषधं स्वतः बनवली पाहिजेत. स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेचं तांत्रिक साहाय्य आणि युनिसेफची यंत्रसामग्री घेऊन पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आज पिंपरी म्हटलं की गाड्यांचे कारखाने आठवतात, पण या गावाच्या औद्योगिक नशिबाची सुरुवात बुरशीच्या टाक्यांनी झाली.

हा इतिहास मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. १९४० च्या दशकातली दृश्यं आपण एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, रेमडेसिविरच्या रांगांत पाहिली. वॉर्डातून 'बाहेरून आणा' म्हणून हातात चिठ्ठी मिळायची आणि नातेवाईक या मेडिकलवाल्याकडून त्या मेडिकलवाल्याकडे, या नंबरवरून त्या नंबरवर फिरायचे. ज्याची ओळख मोठी त्याची कुपी आधी. मग केंद्रानं राज्यांना कोटा ठरवून दिला, आणि महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली इस्पितळांना थेट पुरवठा सुरू झाला. ही सुधारणा योग्यच होती. कीफर यांच्या पहिल्या नियमाकडे, म्हणजे मागणी डॉक्टरनं करायची, आपण अशा हजारो फेऱ्या मारून पोचलो. त्यातली विचित्र गोष्ट अशी, की जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाचा वापर करू नये असा सल्ला दिला होता, कारण मृत्यू टळतात असा पुरावा तिला दिसला नव्हता. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांतही ते ठरावीक रुग्णांपुरतंच मर्यादित होतं. चिठ्ठ्या मात्र सरसकट लिहिल्या गेल्या.

पुढच्या साथीत औषध कोणतं असेल ते आज सांगता येत नाही. टंचाई असेल, हे सांगता येतं, कारण नव्या औषधाच्या टाक्या रोगाच्या वेगानं उभ्या राहत नाहीत. तोवरच्या काळासाठी १९४३ चा धडा पुरेसा स्पष्ट आहे. मागणी डॉक्टरकडून यावी, रुग्णाच्या खिशाकडून नाही. यादी आजारावरून ठरावी आणि ती सर्वांना वाचता यावी, म्हणजे नकारालाही कारण असेल. दिलेल्या प्रत्येक कुपीमागे रुग्णाचं काय झालं याचा कागद परत यावा, आणि त्या कागदानं यादी चुकीची ठरवली तर ती त्याच महिन्यात बदलावी. यातलं शेवटचं कलम सगळ्यांत आधी गाळलं जातं, कारण घाईत कागद लिहायला कुणाला वेळ नसतो. पण तेच गाळलं, की पुढच्या रांगेतल्या माणसाला आपण पुन्हा अंदाजावर उभं करतो.